मघेजवळचा काजळलेला कंदील

गेल्या शनिवारी दुपारभर मी एका करड्या चित्राकडे बघत बसलो होतो. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हे काय, जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या तसं दिसतंय." म्हटलं, "एका ताऱ्याभोवतीचा वायू आहे." "कुठे?" "तोच शोधतोय." तिने कप ठेवला आणि काही न बोलता गेली. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली की एवढं खपून जातं :-)

ते चित्र गॅलेक्स नावाच्या उपग्रहाने काढलेलं. उपग्रह २०१३ सालीच बंद केला, पण त्याने जमवलेला सगळा डेटा अमेरिकेतल्या एका सार्वजनिक संग्रहात पडून आहे. फुकट. ना कुणाची परवानगी, ना ओळख. फाइल उतरवायची, पायथनच्या दहा-पंधरा ओळी लिहायच्या, झालं. चित्राच्या मध्याजवळ ज्या ताऱ्याची जागा आहे त्याचं नाव आयआरसी+१०२१६. नाव कसलं, डेटाबेसमधली प्रायमरी कीच म्हणा ना. रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत त्याला सीडब्ल्यू लिओनिस असंही म्हणतात. सिंह राशीत, मघेच्या पश्चिमेला साधारण पाच अंशांवर, म्हणजे हात लांब करून तीन बोटं धरली तर तेवढ्या अंतरावर तो आहे. पण बघायला जाऊ नका. मी एकदा कामशेतच्या पुढे जाऊन दुर्बिणीतून बघितलंय. मघा दिसली, डास चावले, बाकी काही नाही.

आता कोडं असं, की हा तारा थंड आहे. म्हणजे ताऱ्यांच्या मानाने. पृष्ठभागाचं तापमान दोन-सव्वादोन हजार अंशांच्या घरात (सूर्याचं साडेपाच हजारांच्या वर). एवढ्या थंड वस्तूतून अतिनील प्रकाश जवळजवळ निघतच नाही. वर तो काजळीच्या जाड आवरणात गुंडाळलेला. अशा ताऱ्याची अतिनील चित्रं काढायची म्हणजे बंद पडलेल्या पंख्याचा वारा मोजण्यासारखं. तरी २०१० साली नेमकं याच चित्रांतून या ताऱ्याबद्दलची एक गोष्ट कळली, जी चाळीस वर्षं त्याच्या मागे लागलेल्या लोकांना नीट धरता आली नव्हती. आजची गोष्ट तिचीच.

सुरुवात काजळीपासून करू. आमच्या आजोळी वीज आली तरी कंदील गेले नव्हते, कारण वीज आली होती एवढंच, ती थांबत नव्हती. वात जरा जास्त वर केली की ज्योत धूर ओकायची आणि काच काजळायची. मग आजी दुसऱ्या दिवशी राख घेऊन काच घासत बसायची आणि वात कुणी चढवली याची चौकशी व्हायची. काजळलेल्या कंदिलाची गंमत अशी, की उजेड जातो पण काच हाताला चटका देतेच. प्रकाश काजळीने गिळला तरी उष्णता बाहेर येतेच. आयआरसी+१०२१६ म्हणजे हुबेहूब हेच. डोळ्यांना जवळपास अदृश्य, आणि अवरक्तात, पाच मायक्रॉनच्या आसपास बघितलं, तर सूर्यमालेबाहेरच्या आकाशातली सगळ्यात तेजस्वी वस्तू!

म्हणूनच तो सापडला तोही 'चटक्या'वरून. १९६० च्या दशकात कॅलटेकमधल्या रॉबर्ट लेटन आणि गेरी न्यूगेबाउअर या दोघांना वाटलं, आकाश अवरक्तात कसं दिसतं ते एकदा सरसकट बघून टाकावं. त्यासाठी मोठा आरसा हवा, आणि मोठ्या आरशाला पैसा हवा. लेटन हा हाताने वस्तू बनवणारा माणूस. त्याने ६२ इंचांची अॅल्युमिनियमची थाळी घेतली, तिच्यात इपॉक्सी ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत थाळी सावकाश एकसारखी फिरवत ठेवली. फिरणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप पॅराबोला होतो (बादलीतलं पाणी ढवळून बघा), तसाच तो गोठला. वर अॅल्युमिनियमचा मुलामा दिला, झाला आरसा. दृश्य प्रकाशाला असला आरसा चालला नसता, पण दोन मायक्रॉनच्या प्रकाशाला पुरेसा होता. माउंट विल्सनवर ही दुर्बीण बसवून त्यांनी उत्तर गोलार्धातून दिसणारं बरंचसं आकाश चाळलं. १९६९ मध्ये यादी प्रसिद्ध झाली, ५,६१२ नोंदींची. हा 'जुगाड' आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचा आहे.

आपल्या ताऱ्याचं नाव या यादीतलं. आयआरसी म्हणजे इन्फ्रारेड कॅटलॉग, +१० हा आकाशाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यातली २१६ वी नोंद. यादीत तो इतका विचित्र निघाला की बेकलिन, न्यूगेबाउअर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्याच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी त्याचा वर्णपट मिळाला आणि कळलं, हा कार्बन तारा आहे.

कार्बन तारे तोवर नवे नव्हते. रोममध्ये आंजेलो सेक्की नावाच्या जेझुइट पाद्र्याने १८६० च्या दशकात ताऱ्यांच्या वर्णपटांची वर्गवारी केली, तेव्हा काही गर्द लाल तारे त्याच्या कुठल्याच खणात बसेनात. त्यांच्या वर्णपटातले पट्टे कार्बनच्या संयुगांसारखे दिसत होते. १८६८ मध्ये त्याने त्यांच्यासाठी चौथा वर्ग काढला. त्यातल्या एका देखण्या ताऱ्याला त्याने दिलेलं 'ला सुपर्बा' हे नाव अजून चालतं.

तारा 'कार्बनी' होतो म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सूर्यासारखे किंवा त्याच्या काहीपट मोठे तारे म्हातारपणी फुगतात, लाल होतात. आत हीलियमपासून कार्बन शिजत असतो, तो उकळ्या फुटून वर येतो. वर आला की ऑक्सिजनला भेटतो आणि दोघांची जोडी जमते, कार्बन मोनॉक्साइड. ही जोडी भलतीच घट्ट. एकदा जमली की सहसा तुटत नाही. त्यामुळे सगळा प्रश्न उरलेल्यांचा. ऑक्सिजन जास्त असेल तर तो उरतो आणि ताऱ्याच्या धुरात पाणी, सिलिकेट म्हणजे वाळूसारखे कण तयार होतात. कार्बन जास्त असेल तर ऑक्सिजनचा पार फडशा पडतो आणि उरलेल्या कार्बनची काजळी होते. तारा स्पंदन पावत असतो (आपल्या ताऱ्याला एका फेरीला साधारण ६३० दिवस लागतात, म्हणून तो रूपविकारी), प्रत्येक स्पंदनात वायू वर उचलला जातो, थंड होतो, काजळी धरतो, आणि ताऱ्याचा प्रकाश त्या काजळीला ढकलत बाहेर नेतो. काजळीबरोबर वायूही ओढला जातो. असा वारा सुटतो. सेकंदाला साधारण १४-१५ किलोमीटर. या वेगाने मुंबईहून पुण्याला दहा सेकंदांत पोचाल. लोणावळ्याला वडा खायला वेळ मिळणार नाही.

या वाऱ्यातून आयआरसी+१०२१६ दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पन्नासहजारावा भाग गमावतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पृथ्वीच्या हिशेबात दर दोनेक महिन्यांना एक अख्खी पृथ्वी!

आणि इथेच खरं दुखणं होतं. दोन, तीन, चार सूर्यांएवढा तारा मरतो तेव्हा मागे उरणारा श्वेत बटू साधारण सूर्याच्या सहा-सात दशांशाएवढाच असतो. बाकीचं सगळं या वाऱ्यातून गेलं असलं पाहिजे. आपल्या शरीरातला बराच कार्बन असल्याच ताऱ्यांच्या वाऱ्यातून आलाय, म्हणजे हा हिशेब आपल्याही घरचा आहे. पण ताऱ्याभोवती जाऊन मोजलं की तेवढा माल दिसत नव्हता. खात्यातून पैसे गेलेत हे नक्की, पासबुकात नोंदी फक्त अलीकडच्या.

एका जुन्या नोकरीत मी स्वतः हे केलंय. डिस्क भरते म्हणून नव्वद दिवसांपेक्षा जुने लॉग उडवणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती, आणि तिचं कौतुकही करून घेतलं होतं. सात-आठ महिन्यांनी एका ग्राहकाच्या बिलात फरक सापडला. आकडा वाढत वाढत आलेला दिसत होता, म्हणजे चूक जुनी. पण किती जुनी? आमच्या हातात नव्वद दिवस. त्याआधी काय झालं ते सांगणाऱ्या ओळी मी स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या. त्या मीटिंगमध्ये माझा चेहरा कसा होता ते सांगत नाही. असो.

ताऱ्याच्या बाबतीत लॉग म्हणजे तोच कार्बन मोनॉक्साइड. १९७१ मध्ये सॉलोमन, जेफर्ट्स, पेन्झियस आणि विल्सन यांनी आयआरसी+१०२१६ भोवती त्याचे रेडिओ संकेत पकडले. (हो, तेच पेन्झियस आणि विल्सन, विश्वाच्या जन्माची कुजबुज ऐकणारे. त्यांचं नोबेल १९७८ चं.) त्यानंतर या ताऱ्याचा धूर म्हणजे रेडिओवाल्यांची खाणच झाली. आज त्यात ऐंशीच्या आसपास वेगवेगळे रेणू सापडलेत. हॅरी क्रोटो या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला असल्याच ताऱ्यांच्या वाऱ्यात कार्बनच्या लांब साखळ्या कशा बनत असतील याचं कुतूहल होतं. तो प्रयोग करायला अमेरिकेत स्मॉली आणि कर्ल यांच्याकडे गेला आणि १९८५ मध्ये हाती लागला साठ अणूंचा फुटबॉल, फुलरीन. त्याचं नोबेल १९९६ चं. एका काजळलेल्या ताऱ्याकडून आणखी किती अपेक्षा करायच्या?

पण लॉगची अडचण राहिलीच. तारे एकटे नसतात. आजूबाजूच्या तप्त निळ्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश आकाशगंगेत सगळीकडे पसरलेला असतो. ताऱ्याजवळ काजळी दाट असते तोवर कार्बन मोनॉक्साइड तिच्या आडोशाला सुरक्षित. वारा बाहेर जाईल तसा विरळ होतो, आडोसा संपतो आणि हा प्रकाश त्या घट्ट जोडीलाही फोडून टाकतो. आयआरसी+१०२१६ च्या बाबतीत ताऱ्यापासून साधारण तीन कलांवर हे घडतं. (आपले पंचांगवाले म्हणतात त्याच कला, अंशाचा साठावा भाग. शब्द आहे तर वापरू.) त्यापलीकडे वायू असतो, पण रेडिओला दिसत नाही. नव्वद दिवस झाले, ओळ पुसली.

बाहेर काहीतरी आहे याच्या खुणा अधूनमधून मिळत होत्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खोल छायाचित्रांत धुळीची एकात एक वर्तुळं दिसली. तीही ताऱ्याच्या उजेडात नव्हे, बाकीच्या आकाशगंगेच्या मंद उजेडात. पण वारा शेवटी जातो कुठे, त्याची वेस कुठे आहे, हे चित्र नव्हतं.

अतिनीलात बघायचं तर पृथ्वीवरून जमत नाही, ओझोन आडवा येतो. १९७८ ते १९९६ चाललेल्या आययूई या उपग्रहाने काही तेजस्वी कार्बन ताऱ्यांचे अतिनील वर्णपट घेतले. त्यांत मॅग्नेशियमच्या रेषा दिसल्या, म्हणजे थंड पृष्ठभागाच्या वर पातळ पण गरम वायूचा थर असावा. मोलाचं काम, पण त्याची खिडकी अगदी चिमुकली. अख्ख्या भिंतीवरचं चित्र किल्लीच्या भोकातून बघण्यासारखं. मोठं चित्र काढणारं कुणी नव्हतं.

ते काम गॅलेक्सने केलं, आणि तेही ठरवून नाही. २८ एप्रिल २००३ ला विमानाखालून सोडलेल्या पेगॅसस रॉकेटने तो वर गेला. ५० सेंटिमीटरचा छोटा आरसा, पण एका नजरेत सव्वा अंश आकाश (पूर्ण चंद्र अर्धा अंश). काम काय? नावातच आहे, दीर्घिका. लांबच्या दीर्घिकांत तारे कधी आणि किती वेगाने जन्मले ते मोजायचं. म्हातारे लाल तारे त्याच्या गावीही नव्हते.

मग मीराचं प्रकरण झालं. मीरा म्हणजे रूपविकारी ताऱ्यांची आद्य माउली. फाब्रिसियसने १५९६ मध्ये तिचं तेज बदलताना बघितलं, तेव्हापासून चारशे वर्षं लोक तिच्याकडे टक लावून बसलेत. गॅलेक्सच्या चित्रात तिच्यामागे एक शेपूट निघालं. दोन अंश लांब! म्हणजे आकाशात चार पूर्णचंद्र ओळीने मांडले तर तेवढं, आणि प्रत्यक्षात तेरा प्रकाशवर्षं. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस्टोफर मार्टिन आणि सहकाऱ्यांनी ते 'नेचर'मध्ये छापलं. दृश्य प्रकाशात त्याचा मागमूस नव्हता. दूर अतिनील पट्ट्यात ठळक, जवळच्या अतिनीलात गायब.

मीरा ऑक्सिजनवाली आहे, तेव्हा आपल्या गोष्टीत ती पाहुणीच. पण तिने किल्ली दिली. चमकत काय होतं? ताऱ्याचा थंड वायू आंतरतारकीय वायूवर आपटतो, आपटल्या जागी तापमान लाखाच्या घरात जातं, तिथले गरम इलेक्ट्रॉन थंड हायड्रोजनच्या रेणूंना धडकतात आणि ते रेणू दूर अतिनीलात लुकलुकतात. निदान आजवरचा सगळ्यात पटणारा खुलासा हाच आहे. थोडक्यात, ताऱ्याकडे अतिनील प्रकाश नसला तरी त्याच्या वाऱ्याच्या वेशीवर तो तयार होऊ शकतो. पंखा बंद असला तरी दार आपटलं की आवाज येतोच की.

मार्च २०१० मध्ये जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले राघवेंद्र सहाय आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफर क्रोनोपोलस यांचा निबंध आला. त्यांनी गॅलेक्सची आयआरसी+१०२१६ भोवतीची चित्रं तपासली होती. आणि त्यात होतं सुमारे २४ कला व्यासाचं प्रचंड कवच. चंद्रबिंबाहून जरासं लहान. ४०० प्रकाशवर्षांच्या अंतरावर त्याची रुंदी भरते पावणेतीन प्रकाशवर्षांच्या आसपास. रेडिओला तीन कलांपर्यंतच दिसायचं, ही वेस बारा कलांवर.

त्या चित्रातले भाग समजायला स्वयंपाकघरात जा. सिंकमध्ये नळ बारीक सोडा. धार जिथे पडते तिथून पाणी चहूकडे सपाट, झरझर पसरतं आणि काही अंतरावर एकदम थबकून जाड कडं होतं. कड्याच्या आत पाणी वेगवान, बाहेर मंद. ताऱ्याच्या वाऱ्याचंही असंच. बिनविरोध सुटलेला वारा एका अंतरावर अचानक थबकतो, त्या जागेला टर्मिनेशन शॉक म्हणतात. त्याच्या बाहेर मंदावलेल्या वायूची गर्दी, मग ताऱ्याच्या वायूची हद्द, आणि तिच्याही पुढे, तारा ज्या दिशेने चाललाय तिकडे, होडीच्या नाकासमोर उठते तशी लाट, बो शॉक. मागे शेपूट, त्यात भोवरे. गणितवाल्यांनी मॉडेलमध्ये जे जे काढलं होतं ते सगळं एका चित्रात. आपल्या सूर्याभोवतीही ही वेस आहे. व्हॉयेजर-१ ने तिथला टर्मिनेशन शॉक डिसेंबर २००४ मध्ये ओलांडला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तो हद्दीबाहेर पडला. फरक एवढाच, की सूर्याचा वारा अतिविरळ आणि या म्हाताऱ्याचा म्हणजे वादळ.

आता हिशेब. वाऱ्याचा वेग माहीत आहे, वेशीचं अंतर कळलं, थबकल्यावर वायू किती मंदावतो याचा अंदाज आहे. उलटं मोजत गेलं की कळतं वारा कधीपासून सुटलाय. उत्तर आलं, किमान ६९,००० वर्षं. वर्षाला सूर्याचा पन्नासहजारावा भाग, गुणिले ६९,०००. तोंडी करा. जवळजवळ १.४ सूर्य! एका ताऱ्याने एका सूर्याहून जास्त माल आपल्याभोवती उधळलाय, आणि ही किमान मर्यादा. पासबुकाची फाटलेली पानं सापडली म्हणायची. (गमावण्याचा वेग पूर्वीही आजच्याएवढाच होता असं यात गृहीत धरलंय, ते विसरू नका. आमच्या बिलाच्या मीटिंगमध्येही असंच एक गृहीतक होतं.) टर्मिनेशन शॉकच्या अंतरावरून ताऱ्याचा वेगही निघाला, आजूबाजूला घनसेंटिमीटरला एक अणू धरला तर सेकंदाला निदान ९१ किलोमीटर. वायू दाट असेल तर वेग कमी भरेल.

मला यात राहून राहून वाटतं ते हे. ज्या अतिनील प्रकाशाने कार्बन मोनॉक्साइडचा लॉग पुसला, त्याच पट्ट्यात बघितल्यावर पुसलेल्या भागाची हद्द दिसली. चोर आणि पंचनामा एकाच गल्लीतले.

त्याच वर्षी अतिनील प्रकाश या ताऱ्याच्या आणखी एका भानगडीत सापडला. कार्बन ताऱ्यात सगळा ऑक्सिजन जोडीत अडकलेला, म्हणजे पाणी असता कामा नये, हे वर आलंच. पण २००१ मध्ये एसडब्ल्यूएएस या उपग्रहाला आयआरसी+१०२१६ भोवती पाण्याची वाफ दिसली होती. तेव्हा खुलासा असा, की ताऱ्याभोवतीचे बर्फाळ धूमकेतू वितळत असावेत. छान कल्पना! सप्टेंबर २०१० मध्ये लीन डेसिन आणि सहकाऱ्यांनी हर्शेल दुर्बिणीतून बघितलं, तर पाण्याच्या डझनावारी रेषा, आणि त्यातलं काही पाणी हजार अंशांपर्यंत तापलेलं, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळचं. तिथे धूमकेतूचा बर्फ कसला टिकतो? त्यांचं म्हणणं, काजळीचं आवरण सलग नाही, फाटक्या गोधडीसारखं आहे. भोकांतून बाहेरचा अतिनील प्रकाश आतपर्यंत पोचतो, घट्ट जोड्या फोडतो, सुटलेला ऑक्सिजन हायड्रोजनला मिळतो आणि पाणी होतं. पुढे दुसरेही खुलासे सुचवले गेले आणि वाद अगदी मिटला असं नाही. पण धूमकेतू मागे पडले.

सहाय यांनीच पुढे २०१४ मध्ये मॅक-क्रेन यांच्याबरोबर सीआयटी ६ या दुसऱ्या कार्बन ताऱ्याभोवती गॅलेक्सच्या जुन्या चित्रांतून असंच कवच दाखवलं. २०१५ मध्ये यू हायड्री या ताऱ्याभोवती सुमारे ११० विकला त्रिज्येचं कडं सापडलं. हे जरा वेगळं. त्याला नाकासमोरची लाट नाही, शेपूट नाही, नुसतं गोल कडं, आणि ते अवरक्तात आधीच दिसलेल्या सुट्या धूळकवचाशी जुळणारं. तारा सावकाश चाललाय आणि आजूबाजूचा वायूही विरळ, म्हणून असेल. त्याच वर्षी आयआरसी+१०२१६ च्या कवचात सुट्या हायड्रोजन अणूंचे रेडिओ संकेतही मिळाले, पण अपेक्षेच्या मानाने फारच थोडे. म्हणजे हायड्रोजन बहुतेक रेणूंच्या रूपातच आहे.

इथे आपल्याकडची एक गोष्ट येते. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून अॅस्ट्रोसॅट सुटला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचं, यूव्हीआयटीचं, काम बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं, आणि त्यात पुण्याच्या आयुकाचाही वाटा. गॅलेक्सपेक्षा तिचं क्षेत्र लहान, पण चित्र कितीतरी रेखीव. २०१८ मध्ये एन. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून एनजीसी ४० हा ग्रहीय तेजोमेघ बघितला. हीच आपल्या ताऱ्याची पुढची पायरी. काजळी उधळून झाली, आतला तप्त गाभा उघडा पडला, आणि आता तो स्वतःच अतिनील प्रकाश ओततोय. त्याच्याभोवती दूर अतिनीलात एक मंद प्रभामंडळ दिसलं, आणि त्यांच्या मते ते आधी उधळलेल्या थंड हायड्रोजन रेणूंचंच. आमच्या ऑफिसपासून आयुका गाडीने वीस मिनिटांवर. विद्यापीठाच्या चौकात सिग्नल मिळाला तर.

परत शनिवारकडे. मुंग्या मुंग्याच होत्या. मग चित्रातले ठिपके, म्हणजे बाकीचे तारे आणि दीर्घिका, झाकून टाकले आणि उरलेलं धूसर करत गेलो. एका पिक्सेलची किंमत शेजाऱ्यांच्या सरासरीत मिसळायची, बस. थोडं धूसर केलं, काही नाही. आणखी केलं. मग डावीकडे, म्हणजे पूर्वेला (आकाशाच्या चित्रात पूर्व डावीकडे असते), एक कमान उमटली. कच्ची, तुटक, पण कमानच. पंधरा वर्षांपूर्वी छापून आलेली गोष्ट आहे, मी काहीही शोधलेलं नाही, हे ठाऊक असूनही हाताला घाम आला. बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं. "डावीकडचं ना? हो, आहे खरं," म्हणाली. "आणि हे कधीपासून पडून होतं?"

दूर अतिनीलाचा डिटेक्टर मे २००९ मध्ये बंद पडला. त्याआधी ज्यांच्यावर नजर पडली तेवढ्याच ताऱ्यांची अशी चित्रं गॅलेक्सकडे आहेत, बाकीच्यांची फक्त जवळच्या अतिनीलातली. सगळं आकाश पुन्हा अतिनीलात चाळणारा यूव्हीईएक्स नासाने २०२४ मध्ये मंजूर केला आणि २०३० मध्ये तो सोडायचा बेत आहे. तोवर मी कार्बन ताऱ्यांची यादी काढून ठेवलीये आणि कुणाच्या नशिबी २००९ आधीचं चित्र आहे ते तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिलीये. रात्री लावून झोपतो. लॉग सगळे ठेवलेत.